धर्मशाळेलाही नोंदवही असते

कोल्हापूर भागात लग्न ठरलं, याद्या झाल्या, की पुढचा प्रश्न ठरलेला: "बस्त्याला गांधीनगरला कधी जायचं?" नवरीच्या शालूपासून मानपानाच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळी खरेदी एका दिवसात उरकायची आणि संध्याकाळी गठ्ठे टेम्पोत टाकून परतायचं. आमच्या घरातल्या तीन लग्नांचे बस्ते तिथंच बांधले गेले. दुकानदार सिंधी, पण भावाची घासाघीस चालते ती अस्सल कोल्हापुरी मराठीत. फाळणीनंतर ही माणसं इथं आली, एवढं जुन्या लोकांना ठाऊक असतं. त्यांच्या आधी त्याच बराकींत कोण राहत होतं, असं विचारलं तर मात्र बरेच जण डोकं खाजवतात.

पोलंडची माणसं राहत होती. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या माळावर सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यात बायका, मुलं आणि म्हातारेच जास्त. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड गिळला, तिथल्या लाखो लोकांना गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा स्टालिनला पोलिश सैनिकांची गरज पडली आणि या लोकांची सुटका झाली. ते इराणात पोचले, तिथून समुद्रमार्गे कराची, आणि शेवटी पंचगंगेच्या खोऱ्यात. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत होती. ते गेले आणि रिकाम्या बराकींत सिंधी कुटुंबं आली. वस्तीचं नाव गांधीनगर पडलं. एकाच माळावर पाठोपाठ दोन उद्ध्वस्त समाजांनी संसार मांडला.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले, तेव्हा त्यांनी तिथल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहिली. त्या आठवड्यात आमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अभिमानाचा पूर आला होता. मीही दोन फोटो पुढं ढकलले, खोटं कशाला बोला. नंतर मार्च २०२५ मध्ये परकीय नागरिकांविषयीच्या विधेयकावर लोकसभेत बोलताना गृहमंत्र्यांनी हा देश धर्मशाळा नाही असं ठणकावून सांगितलं. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडूनही तोच शब्द तोंडी आला. जगभरातल्या निर्वासितांना आपण ठेवून घ्यायचं का, आपणच १४० कोटी आहोत, ही काही धर्मशाळा नव्हे, असा त्याचा आशय होता.

न्यायालयापुढचं ते प्रकरण सरळ नव्हतं, हे आधी नोंदवायला हवं. याचिकाकर्ता श्रीलंकन तमिळ होता. श्रीलंकेतल्या एलटीटीई या सशस्त्र संघटनेशी संबंध असल्याच्या संशयावरून त्याला २०१५ मध्ये अटक झाली होती आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली शिक्षाही झाली होती. शिक्षा भोगून झाल्यावर त्यानं देश सोडावा, असा आदेश होता. परत गेलो तर जिवाला धोका आहे आणि बायको-मुलं इथं आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. अशा माणसाला ठेवून घ्यावं की नाही, यावर प्रामाणिक माणसांचीही दोन मतं होतील. माझी हरकत निकालापेक्षा त्या उपमेवर आहे. कारण उपमा देणाऱ्यांनी धर्मशाळा कधी नीट पाहिलेली दिसत नाही.

मराठी माणसाला धर्मशाळा सांगावी लागत नाही. पंढरपूर, आळंदी, नाशिक इथं गाडगेबाबांनी त्या बांधल्या आणि स्वतः मात्र त्यांत कधी मुक्काम केला नाही. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घ्यायला बिहार, बंगालपासून आलेली माणसं तिथं राहतात. अशा ठिकाणी आत शिरताना काय होतं? दाराशी व्यवस्थापक बसलेला असतो. तो नाव-गाव विचारतो, कागद बघतो, नोंदवहीत लिहून घेतो. किती दिवस राहायचं ते ठरतं. दारू प्यायलात तर बाहेर. खोली स्वच्छ ठेवायची, भांडी घासून परत द्यायची. पण एकदा नाव लिहिलं गेलं की मध्यरात्री कोणी येऊन "तुझी जात कुठली, तुझा देव कुठला" म्हणत वळकटी रस्त्यावर फेकू शकत नाही. धर्मशाळा म्हणजे कुणीही यावं आणि कसंही राहावं, असली मोकाट जागा नसतेच. ती नियमांवर चालते.

त्या अर्थानं गृहमंत्र्यांचं आणि न्यायालयाचं म्हणणं शब्दशः खरं आहे. भारत धर्मशाळा नाही, कारण निर्वासितांच्या बाबतीत आपल्याकडं धर्मशाळेइतकेही नियम नाहीत.

१९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार आणि त्याला जोडलेला १९६७ चा पूरक करार, दोन्हींवर भारताची सही नाही. देशात त्यासाठी वेगळा कायदाही नाही. इतकी वर्षं इंग्रजांनी जाता जाता केलेला १९४६ चा परकीय नागरिक कायदा चालला. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. नव्या कायद्यातही पर्यटक, व्हिसा संपलेला विद्यार्थी, हेर आणि बॉम्बहल्ल्यातून पोरं काखेत मारून पळालेली बाई हे सगळे मुळात एकाच रकान्यात बसतात: परकीय. बाई निराळी आहे, हे ठरवायला कायद्यात रीत नाही. ठरतं ते परिपत्रकांनी, आणि परिपत्रक कुठल्या देशाचा, कुठल्या साली आलेला, कुठल्या धर्माचा हे बघून निघतं.

१९५९ नंतर आलेल्या तिबेटींना जमिनी मिळाल्या, शाळा मिळाल्या, वस्त्या वसल्या. आपल्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावजवळ गोठणगावला त्यांची अशी एक वस्ती आहे. भारतानं अभिमान बाळगावा असं हे काम आहे. तरी तिथं जन्मलेली माणसंही नोंदणी प्रमाणपत्र मुदत संपली की पुन्हा नवं करून घेत राहतात. १९८३ नंतर आलेल्या श्रीलंकन तमिळांपैकी हजारो लोक चाळीस वर्षांनीही तमिळनाडूच्या छावण्यांत आहेत. राज्य सरकारनं २०२१ मध्ये छावण्यांचं नाव बदलून पुनर्वसन छावणी असं केलं. नाव बदललं तरी त्यांचं नागरिकत्व होतं तिथंच राहिलं. अफगाण, सोमाली किंवा म्यानमारचा माणूस आला, तर दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय त्याची मुलाखत घेऊन कार्ड देतं. ते कार्ड पोलीस चौकीत दाखवलं तर हवालदार ते मानेल की चुरगाळेल, हे त्याच्या मूडवर.

पुण्यानं याची झळ जवळून पाहिली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं, तेव्हा पुण्यातल्या महाविद्यालयांत शिकणारी बरीच अफगाण मुलं-मुली सुट्टीसाठी घरी गेलेली होती. त्या महिन्याच्या अखेरीस भारतानं देशाबाहेर असलेल्या सगळ्या अफगाणांचे आधी दिलेले व्हिसा एका फटक्यात रद्द केले. मुलींनी शिकू नये म्हणणाऱ्यांच्या राज्यात त्या मुली अडकल्या, आणि त्यांच्या नावाची हजेरीपटावरची ओळ इथं तशीच. इथं होते त्यांचे व्हिसे संपत आले, परत जायला देश उरला नव्हता. त्यांच्यासाठी अर्ज करायचा तो कुठल्या कलमाखाली, याला उत्तर नव्हतं, कारण तसं कलमच नाही.

मिझोराममध्ये याच्या उलट घडलं. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधले चिन लोक तिआऊ नदी ओलांडून आले. गृहमंत्रालयानं मार्चमध्ये सीमेवरच्या राज्यांना बजावलं की आत येऊ देऊ नका, निर्वासित म्हणून मान्यता देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून कळवलं की ही आमची रक्ताची माणसं आहेत, आम्ही पाठ फिरवू शकत नाही. चर्चनं तांदूळ गोळा केला, गावकऱ्यांनी झोपड्या उभारून दिल्या, राज्यानं मुलांना सरकारी शाळांत घेतलं. तीस हजारांहून जास्त माणसं तिथं राहिली. देशाचं एक राज्य आणि देशाचं केंद्र एकाच माणसाला एकाच वेळी पाहुणा आणि घुसखोर म्हणत होते, आणि कायद्यानं कोण बरोबर हे सांगायला कायदा नव्हता.

न्यायालयं काय म्हणतात? तिथंही वाऱ्यावरची वरात आहे. पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचलात राहिलेल्या सुमारे ६५ हजार चकमांना हुसकावून लावण्याच्या धमक्या दिल्या जात होत्या, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं संरक्षण करायला राज्याला भाग पाडलं. घटनेच्या कलम २१ मध्ये 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' हा शब्द आहे, आणि जिवाचा हक्क परक्यालाही आहे, हा त्याचा आधार. २०२१ च्या मे महिन्यात मणिपूर उच्च न्यायालयानं म्यानमारहून पळालेल्या सात जणांना दिल्लीला जाऊन आश्रय मागायची मुभा दिली. जिथं जिवाला धोका आहे तिथं परत ढकलायचं नाही, हे तत्त्व कलम २१ मध्येच सामावलेलं आहे, असं म्हटलं. त्याच्या महिनाभरच आधी सर्वोच्च न्यायालयानं जम्मूतल्या रोहिंग्यांना परत पाठवायला रीतसर प्रक्रिया पाळण्याच्या अटीवर हरकत घेतली नव्हती, कारण देशात राहण्याचा हक्क फक्त नागरिकांचा. एका महिन्याच्या अंतरात दोन निवाडे, दोन्हींमागं घटनेचाच आधार. वकील हुशार आणि न्यायाधीश दयाळू असेल तर जीव वाचतो, याला मी हक्क म्हणणार नाही.

सरकारच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करतो. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यानं एक तत्त्व मान्य केलं आहे: कागद नसलेला प्रत्येक परका घुसखोर नसतो. छळामुळं पळून आलेल्याला निराळी वागणूक द्यायला हवी. माझ्या युक्तिवादाला यापेक्षा जास्त काही लागतच नाही. घोळ यादीत आहे. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान हे तीन देश आणि त्यांतले मुस्लिमेतर सहा समाज. श्रीलंकेतला तमिळ हिंदू त्यात नाही, म्यानमारमधला ख्रिस्ती चिन नाही, तिबेटी बौद्ध नाही, पाकिस्तानातला अहमदिया नाही. छळ झाला की नाही हे माणसाला विचारून ठरवायचं असतं. इथं ते जन्मदाखल्यावरून आधीच ठरलेलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या कायद्याखाली निघालेल्या सूट-आदेशानंही तीच तऱ्हा चालू ठेवली. तीन देशांतल्या त्या सहा समाजांना ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतची तारीख, नोंद असलेल्या श्रीलंकन तमिळांना ९ जानेवारी २०१५ पर्यंतची. सूट मिळाली याचं स्वागतच आहे. पण सूट म्हणजे शिक्षा माफ. ज्यानं दिली तो उद्या आदेश फिरवू शकतो.

बेकायदा स्थलांतराचं काय, असं विचारणारे इथं अस्वस्थ होतात. त्यांची अस्वस्थता मी खोटी मानत नाही. आसामात १९७९ ते १९८५ आंदोलन पेटलं ते उगाच नव्हे. त्रिपुरात आदिवासी आपल्याच भूमीत अल्पसंख्य झाले. लांब कशाला, गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडं पूर्व बंगालातले निर्वासित वसवले गेले, तेव्हा तिथल्या आदिवासींना कुणी विचारलं होतं? वसवलेल्यांचीही परवड संपली नाही. बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडणारे नमशूद्र महाराष्ट्रात त्या यादीत नाहीत, आणि जातीच्या दाखल्यासाठी त्यांच्या पुढच्या पिढ्या अजून खेटे घालत आहेत. १९७१ मध्ये सुमारे एक कोटी माणसं आली. पत्रांवर पाच पैशांचं शरणार्थी साहाय्याचं जादा तिकीट लावून साऱ्या देशानं भार वाटून घेतला, आणि युद्ध संपल्यावर बहुतेक जण परतले. जिथं भार वाटला जात नाही, तिथं तो सीमेवरच्या राज्याच्या बोकांडी बसतो आणि त्यातून द्वेष पिकतो. कुणाला किती काळ, कुठल्या राज्यात, कुणाच्या खर्चानं ठेवायचं हे लिहून ठेवायला मग हरकत कसली? घुसखोरीची ज्याला खरी चिंता आहे, त्यानं तर नोंदवहीचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा.

नोंदवही नसली की काय होतं, ते २०२५ च्या उन्हाळ्यात दिसलं. मुंबई परिसरातून बांगलादेशी म्हणून उचललेल्या बंगाली बोलणाऱ्या मजुरांपैकी काही जण पश्चिम बंगालचे, म्हणजे भारताचे नागरिक निघाले. तोपर्यंत त्यांना सीमेपलीकडं ढकलून झालं होतं. दोन्ही देशांच्या सीमा दलांत बोलणी झाल्यावर ते परत आले. सुनावणी नाही, अपील नाही, वकील नाही, म्हणून सुक्याबरोबर ओलंही जळालं. प्रक्रिया ही परक्यावर केलेली मेहेरबानी आहे, असं वाटणाऱ्यांनी त्या मजुरांच्या जागी एक दिवस स्वतःला ठेवून बघावं. आधार कार्ड दाखवूनही चालत नाही, आणि तुमच्या बोलीवरून तुमचा देश ठरतो आहे.

दुसरी शंका अशी की कायदा केला तर सगळं जग इकडं धावेल. युद्धातून पळणारा माणूस राजपत्र वाचून निघत नाही. तिआऊच्या पलीकडं विमानांतून बॉम्ब पडत होते आणि अलीकडचा काठ जवळ होता. बांगलादेशनंही १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, तरी २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या काही महिन्यांत तिथं आले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाच्या हिशेबानं २०२४ अखेर जगात १२ कोटींहून जास्त माणसं जबरदस्तीनं विस्थापित होती. त्यांतले बहुतेक स्वतःच्याच देशात किंवा शेजारच्या गरीब देशात. आपल्याकडं नोंदलेले निर्वासित साधारण दोन-अडीच लाख आहेत. १४० कोटींत दोन-अडीच लाख म्हणजे जत्रेत एक कुटुंब.

तिसरा आक्षेप मात्र सर्वांत टोकदार आहे आणि त्याला झटपट उत्तर नाही. ज्यांनी करारावर सह्या केल्या त्या युरोपानं कोणते दिवे लावले? तात्पुरत्या संरक्षणाचा नियम युरोपीय संघानं २००१ मध्ये करून ठेवला होता. २०१५ मध्ये सीरियातून माणसं आली तेव्हा तो कपाटातच राहिला. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून गोरी माणसं आली तेव्हा आठवडाभरात बाहेर काढला. ब्रिटननं तर आश्रय मागणाऱ्यांना विमानात बसवून रवांडाला पाठवायची योजना आखली. आणि पोलंड! वळिवड्याची आठवण जपणारा, वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक उभारणारा पोलंड. २०२१ मध्ये बेलारूसच्या सीमेवर इराकी आणि अफगाण कुटुंबांना थंडीत जंगलात परत ढकललं, तिथं काही माणसं गोठून मेली. मार्च २०२५ मध्ये त्या सीमेवर आश्रय मागण्याचा हक्कच स्थगित करणारा कायदा पोलंडनं केला. ज्यांच्या आज्यांना कुणीतरी दार उघडलं होतं, त्यांच्या नातवांनी दार लावलं. हे वाचून मला राग आला, आणि लगेच लाजही वाटली. कारण पोलंडला हक्क स्थगित करायला संसदेत जावं लागलं. मुदत साठ दिवसांची ठेवावी लागली, वाढवायची तर पुन्हा संसदेची मंजुरी घ्यायची, आणि एकटी आलेली मुलं व गरोदर बाया यांना वगळावं लागलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये रवांडा योजना बेकायदा ठरवली. कायदा मोडला तर निदान मोडल्याचा आवाज होतो. मे २०२५ मध्ये दिल्लीतल्या काही रोहिंग्यांना अंदमानच्या समुद्रात जीवरक्षक जाकिटं घालून उतरवल्याचा आरोप झाला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञानं चौकशी सुरू केली, न्यायालयानं त्या कहाणीवर अविश्वास दाखवला आणि विषय मागं पडला. खरं काय ते कळायला जी यंत्रणा लागते, तीच आपण उभारलेली नाही.

वळिवड्याकडं पुन्हा बघतो तेव्हा मला औदार्यापेक्षा दुसरंच काही दिसतं. ती छावणी दयेवर चालत नव्हती. खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार उचलत होतं, माणसांच्या याद्या होत्या, जबाबदारी वाटलेली होती. १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांनी त्या लंडनच्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि ही माणसं एका रात्रीत कुणाचीच उरली नाहीत. त्यांची पूर्वेकडची गावं सोव्हिएत संघात गेली होती. बहुतेकांनी कम्युनिस्ट पोलंडमध्ये परतायला नकार दिला. युद्ध संपलं, आता निघा, म्हणून त्यांना कुणी जबरदस्तीनं बोटीवर चढवलं नाही. ब्रिटन, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशी सोय होईपर्यंत ती कोल्हापुरातच राहिली. परत न ढकलण्याचं तत्त्व जिनिव्हात कागदावर यायच्या आधी इथं पाळलं गेलं.

आज मी मागतो आहे तेही एवढंच. १९५१ च्या करारावर सही करायचा माझा आग्रह नाही. तो करार युरोपच्या युद्धातून जन्मला आणि आपल्यासारख्या सीमांचा विचार त्यात नाही, हा आपल्या परराष्ट्र खात्याचा जुना मुद्दा वाजवी आहे. आपला स्वतःचा कायदा करा. आलेल्याची नोंद, ठरावीक मुदतीत सुनावणी, नकार मिळाला तर एक अपील, निकाल लागेपर्यंत परत पाठवायचं नाही. ज्याच्या हाताला रक्त लागलं आहे त्याला आश्रय नाही. मान्यता मिळाली तर काम करायची परवानगी, कारण काम नाकारलेला माणूस शेवटी दलालाच्याच हाती लागतो. आणि यात धर्माचा रकाना नको.

मसुदा शून्यातून लिहायचीही गरज नाही. माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पुढाकारानं नव्वदच्या दशकातच एक आदर्श कायदा लिहून झाला होता. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयकं शुक्रवारी दुपारी चर्चेला येतात, तेव्हा निम्मे खासदार विमानतळाच्या वाटेवर असतात, आणि १९७० नंतर अशा एकाही विधेयकाचा कायदा झालेला नाही. वॉर्साच्या स्मारकाला फुलं वाहणाऱ्या सरकारला मात्र शुक्रवारची वाट बघावी लागत नाही. ते सोमवारीही विधेयक मांडू शकतं.